आधी पुस्तक वाचा, मग किल्ली मागा

मंडळी, उन्हाळा आला की आमच्या वयाच्या निम्म्या ओळखी अमेरिकेला निघतात. मेतकूट, भाजणी, औषधांच्या गोळ्या, सगळं आठवणीने भरलं जातं. हल्ली त्यात आणखी एक वस्तू असते. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. मुलं दिवसभर कामावर, मग आपण घरात अडकून का पडायचं, हा विचार मला पटतो. माझं म्हणणं इतकंच, की नुसत्या त्या परवान्याच्या भरवशावर गाडी बाहेर काढू नये.

हा परवाना आपल्या इथल्या परवान्यावरून एका वर्षासाठी मिळतो. तो देताना तिथले नियम कोणी विचारत नाही. म्हणजे पेपर न देताच पास!

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय, मला काय शिकवता?" असं म्हणणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते. आपण इथे गाडी चालवतो ती समोरचा काहीही करेल हे धरून, हॉर्नवर हात ठेवून. तिथे नेमकं उलट. तुम्ही नियमानेच वागणार असं धरून समोरचा निर्धास्त येत असतो. इथलं कसब तिथे अपघाताला निमंत्रण ठरू शकतं.

उजव्या बाजूने चालवायची सवय तशी लवकर होते. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर फिरतो, तेही हसण्यावारी जातं. मात्र रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळताना जपा, जुन्या सवयीने गाडी चुकीच्या बाजूला जाते. पाटीवरचा ६५ हा आकडा मैलांचा, म्हणजे ताशी सुमारे १०५ किलोमीटर. लाल दिव्यावर बहुतेक ठिकाणी उजवीकडे वळता येतं, पण आधी पूर्ण थांबून आणि मनाईची पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात तर परवानगीची पाटी असल्याशिवाय वळायचंच नाही.

चारही बाजूंना 'स्टॉप'ची अष्टकोनी पाटी असलेला चौक तर मला फार आवडतो. ना सिग्नल, ना पोलीस. प्रत्येकाने चाकं पूर्ण थांबवायची, जो आधी आला तो आधी जाणार. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. शाळेतल्या नळापाशी रांग लावतो तसंच! तिकडची माणसं काही देवमाणसं नव्हेत. दंड होतो, विम्याचा हप्ता वाढू शकतो, म्हणूनही पाळतात. पण पाळतात.

सगळ्यात महत्त्वाचा नियम पिवळ्या स्कूलबसचा. तिचे पिवळे दिवे लुकलुकू लागले की वेग कमी करायचा. लाल दिवे लागून बाजूची 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली, की मागच्यांनी तर थांबायचंच, समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. मध्ये दुभाजक असेल तर समोरच्यांना बहुतेक राज्यांत सूट आहे, पण सगळीकडे नाही. आपल्याकडे थांबलेल्या बसला वळसा घालून पुढे जाणं अंगवळणी पडलंय. तिथे ती मुलं बसच्या पुढून रस्ता ओलांडतात, गाड्या थांबणार या विश्वासावर. आयुष्यभर मुलांत वावरलेल्या मला हा नियम वाचून बरं वाटलं, आणि आपली सवय आठवून धडकीही भरली.

आणखी एक. मागे पोलिसांची गाडी दिवे लावून आली तर उजवीकडे कडेला थांबा आणि आतच बसून राहा. हात स्टिअरिंगवर. आपल्यासारखं उतरून बोलायला जाऊ नका.

तर निघणाऱ्यांना गृहपाठ. प्रत्येक राज्याच्या वाहन विभागाची चालक-पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. ती विमानात बसण्याआधी वाचून काढा. आपला परवाना त्या राज्यात किती दिवस चालतो आणि मुलाच्या गाडीचा विमा आपल्याला लागू आहे का, हे विचारून घ्या. पहिले काही दिवस शेजारी मुलाला किंवा सुनेला बसवा. ती टोकतील, तर रागावू नका!

या वयात पुन्हा अभ्यास कशाला, असं वाटेलही. पण त्या बसमधून उतरणारं पोर आपलं नातवंडही असू शकतं. तिकडे राहणाऱ्यांनी यात आणखी काही भर घालायची असेल तर जरूर कळवा.