उजवीकडे वळताना दुचाकी शोधा

“समोर बघितलं होतं हो, पण मोटारसायकल दिसलीच नाही.” अपघातानंतर चारचाकीवाला असं म्हणाला की तो थापा मारतोय असं आपण धरून चालतो. पण ते खरंही असू शकतं. डोळे त्या दिशेला होते, लक्ष दुसरीकडेच होतं.

नजर न हलवता लक्ष एका जागेवरून दुसरीकडे नेता येतं, हे मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांनी 1980 मध्ये दाखवलं. जॉन डंकन यांच्या 1984 च्या प्रयोगात एकाच वस्तूचे दोन गुण लोकांना नीट सांगता आले. दोन वस्तूंचा एकेक गुण सांगताना मात्र चुका वाढल्या, त्या वस्तू अगदी एकाच जागी असूनही. म्हणजे लक्ष ट्रकने व्यापलं की शेजारची स्कूटर निसटू शकते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 2007 चा मोस्ट आणि अस्तूर यांचा प्रयोग. संगणकावरच्या रस्त्यावर लोक गाडी चालवत होते. चौकाचौकात कुणी पिवळा बाण शोधायचा, कुणी निळा, आणि त्या बाणाप्रमाणे वळायचं. एका चौकात अचानक मोटारसायकल आडवी आली. तिचा रंग शोधत असलेल्या बाणाचाच असेल तर ब्रेक लवकर लागले. रंग वेगळा असेल तर धडका वाढल्या. जे शोधतो, ते आधी दिसतं.

म्हणून कळकळीची विनंती आहे. उजवीकडे वळताना आपण समोरून येणाऱ्या बस-ट्रकमधली फट शोधत असतो. त्याऐवजी मनात “दुचाकी, दुचाकी” म्हणा आणि तीच शोधा. पायी चालणाऱ्या माणसालाही असंच शोधा. काचेच्या कडेच्या खांबाआड अख्खी मोटारसायकल लपते, तेव्हा मान थोडी पुढे-मागे करून पुन्हा बघा. मागचा हॉर्न वाजवत बसला तर वाजवू दे. आणि फोन बंदच ठेवा. हात मोकळे असले तरी बोलण्यात लक्ष जातंच.

दुचाकीवाल्यांनो, 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो, तो तुम्ही दिसावं म्हणूनच. त्यावर पिशव्या लटकवू नका. आणि वळणाऱ्या गाडीवाल्याचं तोंड तुमच्याकडे आहे, एवढ्यावर विसंबू नका. चौक पार होईपर्यंत वेग कमी ठेवा, बोटं ब्रेकवर असू द्या.