परवान्यात माणसाचा रकाना

रामटेकच्या परिसरात चित्रनगरी उभारण्याची घोषणा राज्य शासनाने केल्यापासून नागपुरातील चित्रपटवेड्या तरुणांच्या, हौशी नाट्यमंडळ्यांच्या आणि, खरे सांगायचे तर, जमिनीच्या दलालांच्याही बोलण्यात नवा उत्साह संचारला आहे. आणि ज्या वैदर्भीय कलावंताला आजवर नशीब काढण्यासाठी मुंबईची वाट धरावी लागली, त्याच्या दाराशी हा उद्योग चालून येत असेल, तर त्या उत्साहाला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. मात्र एकर किती, कोटी किती आणि स्टुडिओ किती याची जेवढी मोजदाद या चर्चेत होते, तिच्या शतांशानेही त्या आवारात बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाच्या जिवाची होत नाही, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये पन्हाळगडावर एका मराठी ऐतिहासिक चित्रपटाचे काम चालू असता, घोड्यांची देखभाल करणारा एक कोवळा तरुण रात्रीच्या वेळी तटावरून खाली कोसळला आणि उपचार चालू असतानाच मरण पावला. २०२५ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याजवळ संगम माहुली येथे, दुसऱ्या एका ऐतिहासिक चित्रपटातील रंगांची उधळण असलेल्या गाण्याचे चित्रण आटोपल्यावर, अंगाचा रंग धुण्यासाठी कृष्णेच्या पात्रात उतरलेला एक तरुण नर्तक वाहून गेला. या दोन्ही दुर्घटनांतील समान धागा असा, की दोघांपैकी एकही कॅमेऱ्यासमोर असताना गेला नाही. चित्रपटसृष्टीच्या स्मृतीत जे अपघात कोरले गेले, ते बहुतेक ताऱ्यांचे: 'मदर इंडिया'च्या वेळी उमरा गावी गंजींना लागलेल्या आगीत सापडलेल्या नर्गिस आणि त्यांना वाचविणारे सुनील दत्त, किंवा १९८२ च्या जुलैमध्ये बंगळूरला 'कुली'च्या मारामारीत जखमी झालेले अमिताभ बच्चन. प्रत्यक्षात 'शॉट' चालू असतो तेव्हा साहसदृश्यांचा जाणकार हजर असतो, गाद्या अंथरलेल्या असतात, दोर बांधलेले असतात आणि शेकडो डोळे त्या एका जागी लागलेले असतात. घात होतो तो शॉटच्या आजूबाजूला, वाट पाहण्याच्या, सामान हलविण्याच्या, अंग धुण्याच्या आणि घरी परतण्याच्या वेळी, जेव्हा कोणाचेही कोणाकडे लक्ष नसते.

पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्मारकात चित्रण करावयाचे झाल्यास १९५९ च्या नियमांन्वये पुरातत्त्व खात्याचा परवाना घ्यावा लागतो आणि वास्तूला इजा पोचणार नाही अशी हमी द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या तटाच्या दगडाची सरकारने एवढी चिंता वाहिली, त्या तटावर काळोखात कठड्यावाचून वावरणाऱ्या मोतद्दाराची चिंता कोणत्या कागदात, कोणत्या खात्याकडे रुजू होती, हा प्रश्न विचारला तर उत्तरादाखल एक दफ्तर दुसऱ्या दफ्तराकडे बोट दाखवील. आगीची गोष्टही निराळी नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानावरील दूरदर्शन मालिकेच्या सेटला आग लागून साठांहून अधिक माणसे होरपळून मेली. त्यांपैकी किती जणांची नावे आज कोणाला सांगता येतील?

आता नागपूरकडे वळू. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या या शहरात जो मुंबईचा कार्यक्रम जसाच्या तसा राबवू पाहील, तो माणसे आजारी पाडील. दुपारी दीडच्या उन्हात लोखंडी स्टँड खांद्यावर घेऊन धावणारा लाइटमन, भरजरी पोशाखात मांडवाबाहेर बसवून ठेवलेले ज्युनिअर आर्टिस्ट, जनरेटर व्हॅनच्या धगीशेजारी दिवस काढणारा मदतनीस, यांना उष्माघाताचा धोका आहे हे सांगायला वैद्य लागत नाही. त्यात स्त्रियांची स्थिती आणखी बिकट. चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या केरळातील हेमा समितीने २०१९ च्या अखेरीस सादर केलेल्या आणि पावणेपाच वर्षे बासनात राहून २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, सेटवर शौचालय आणि कपडे बदलण्याची जागा नसल्यामुळे स्त्रिया दिवसदिवस पाणी पिण्याचेच टाळतात, अशी नोंद आहे. केरळच्या दमट हवेत जे केवळ पीडादायक, ते विदर्भाच्या उन्हाळ्यात प्राणघातक ठरू शकते. या अहवालाची चर्चा आपल्याकडे झाली ती त्यातील लैंगिक छळाच्या भागापुरती; पाण्याच्या तांब्याकडे कोणी पाहिले नाही.

छळाच्या प्रश्नाबाबत कायद्याची तरतूद आहे. तिचा उपयोग करून घेण्याची व्यवस्था नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा वा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, आणि कामासाठी केलेला प्रवासही कायद्याने कामाच्या ठिकाणातच मोडतो. चित्रपटाच्या प्रत्येक निर्मिती-युनिटला अशी समिती नेमणे बंधनकारक आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ च्या मार्चमध्ये स्पष्ट केले. तथापि तक्रारीसाठी कायद्याने साधारणतः तीन महिन्यांची मुदत दिली आहे, आणि आपल्याकडील कित्येक चित्रणांचा सारा मुक्काम महिन्याभरात उठतो. पॅकअपनंतर युनिट विखुरते, निर्माता पुण्याला, दिग्दर्शक मुंबईला, आणि वर्ध्याची किंवा भंडाऱ्याची ती सहायक वेशभूषाकार मुलगी आपली फिर्याद कोणत्या समितीपुढे नेणार? जी समिती सेटबरोबर जन्मते आणि सेटबरोबरच मोडते, तिच्यावर भरवसा ठेवून कोणी तोंड उघडणार नाही. म्हणून विदर्भातील चित्रणांसाठी अध्यक्ष, पत्ता आणि दूरध्वनी कायम असलेली, निर्मात्याच्या पगारावर अवलंबून नसलेली अशी एक समिती नागपुरात स्थापन झाली पाहिजे.

रात्रीच्या प्रवासाच्या धोक्याबाबत पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या रंगभूमीचा अनुभव उपयोगी पडावा. वडसा येथून निघालेल्या मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके करतात आणि पहाटे, डोळ्यांवर झापड असतानाच, पुढच्या मुक्कामाकडे गाडी हाकतात. ज्या रंगभूमीने परशुराम खुणे यांच्यासारखा पद्मश्रीचा मानकरी दिला, तिच्या नटांच्या पाठीशी प्रेक्षकांच्या टाळ्या आहेत. अपघातविमा आहे काय, हे मंडळीच्या मालकाला विचारून पाहावे. याच परिसरातून रामटेकच्या चित्रनगरीला माणसे मिळणार, आणि रात्रीच्या प्रवासाची तीच सवय ती बरोबर आणणार.

लहान मुलांच्या बाबतीत तर कायदा बराच तपशीलवार आहे: बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची अनुज्ञा लागते आणि मोबदल्याचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत जमा करावा लागतो. प्रश्न आहे तो मूलपण नुकतेच ओलांडलेल्यांचा. हिस्लॉप महाविद्यालयातील निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कार्यावर नागराज मंजुळे यांनी 'झुंड' काढला तेव्हा नागपूरच्या वस्त्यांतील कितीतरी पोरे प्रथमच पडद्यावर आली, आणि ती त्या चित्रपटाची शोभा ठरली. त्यांपैकी एका तरुणाचा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात खून झाला. त्या मृत्यूचा चित्रपटाशी कार्यकारणसंबंध जोडणे अन्यायाचे होईल, आणि मी तो जोडत नाही. पण प्रसिद्धीचा झोत अंगावर पडून सरल्यानंतर वस्तीतल्या मुलाला पुन्हा त्याच गल्लीत एकट्याने जगावे लागते, त्या काळात त्याच्याशी बोलणारा कोणी समुपदेशक, त्याला पुढचे काम सुचविणारा कोणी जाणता माणूस असावा, ही अपेक्षा त्यामुळे अवास्तव ठरत नाही.

यावर निर्मात्यांची कैफियत ठरलेली आहे: मराठी चित्रपटाचे अंदाजपत्रक ते केवढे, त्यात सुरक्षेचा हा खर्च कोठून भागवावा? कैफियत अगदीच पोकळ नाही; पण मागितलेल्या गोष्टींपैकी पुष्कळ गोष्टींना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते. रोज रात्री मोबाइलवर येणाऱ्या कॉलशीटमध्ये दृश्याचा क्रमांक, पोशाख, गाडी सुटण्याची वेळ, नाश्त्याची वेळ, सारे काही असते. तिच्याच खाली जवळचे रुग्णालय, रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२, महिलांसाठीचा १८१, मुलांसाठीचा १०९८, मनःस्वास्थ्यासाठीचा १४४१६ आणि मोफत विधी साहाय्याचा १५१०० हे क्रमांक छापायला एक ओळ पुरते. रामटेकहून नागपूरचे मेडिकल रुग्णालय सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे; गंभीर जखमीला तेथवर कोण आणि कोणत्या गाडीतून नेणार, हे सकाळी ठरविण्यास छदामही पडत नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार बाहेरचे चित्रण बंद ठेवणे, नदी, तळे वा तट असेल तेथे एक पहारेकरी नेमणे, रात्रीच्या पॅकअपनंतर चालकाला झोप मिळाल्यावाचून गाडी न काढणे, यातही मोठी रक्कम कोठे नाही. खर्च आहे तो विम्याचा आणि फिरत्या शौचालयाचा, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये साताऱ्यात मालिकेच्या चित्रणाच्या वेळी करोनाची लागण होऊन आशालता वाबगावकर गेल्या, त्यानंतर तरी रोगराईचा आणि विम्याचा विचार चित्रणाच्या खर्चात कायमचा धरला जायला हवा होता.

मराठी चित्रपटांना सरकार अर्थसाहाय्य देते, म्हणजे जनतेच्या तिजोरीतून देते. ते देताना चित्रपटाचा दर्जा तपासला जातो, मग तो ज्यांनी बनविला त्यांच्याशी झालेले लेखी करार, त्यांच्या विम्याचा दाखला आणि अपघातांची नोंदवही का तपासू नये? २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने १९८१ चा सिनेकामगार कायदा पोटात घेऊन लेखी कराराची सक्ती कायम ठेवली आहे. माझी सूचना एवढीच, की चित्रणाच्या परवान्यात जागा, दिवस आणि अनामत यांच्या रकान्यांशेजारी माणसांचा एक रकाना असावा, त्यात युनिटमधील प्रत्येकाचे नाव, करार व विमा, सुरक्षेला जबाबदार असलेल्या एका इसमाचे नाव आणि तक्रार-समितीचा पत्ता भरल्यावाचून जिल्हाधिकारी कचेरीने परवाना देऊ नये, आणि खोटी माहिती देणाऱ्याचे अर्थसाहाय्य रोखावे. रामटेकच्या चित्रनगरीचा आराखडा अजून कागदावर आहे तोवरच तिच्यात दवाखाना, स्त्रियांच्या विश्रांतीची जागा आणि अग्निशमनाचे ठाणे यांची आखणी व्हावी, यासाठी विदर्भातील आमदारांनी येत्या हिवाळी अधिवेशनात, जे नागपुरातच भरते, हा प्रश्न सभागृहात उपस्थित करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.