रीळ धुताना
शीळफाट्याच्या गॅरेजांत रॉकेल, पेट्रोल, थिनर सगळं दिसतं, म्हणून खाडीवर गळ टाकून आलेल्याने रीळ थेट त्यात बुडवू नये. मीठ रॉकेलात विरघळत नाही. त्याला गोडं पाणीच लागतं. ड्रॅग आवळून हलक्या धारेने धुवा, वाळवा, मगच उघडा. गिअरच्या दात्यांतलं काळं ग्रीस जुना टूथब्रश आणि रॉकेलने सुटतं. बेअरिंगला मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, तेलकट थर मागे राहत नाही. थिनर प्लॅस्टिक आणि रंग दोन्ही खातो. पेट्रोलची वाफ तर ठिणगीचीच वाट बघते. असली काटकसर काय कामाची! बेअरिंग सुकलं की थेंबभर तेल द्याच. आणि उरलेलं रॉकेल कृपा करून गटारात ओतू नका, ते खाडीतच जातं.