नाव काय लावायचे?



यंदा आठ मार्चच्या कार्यक्रमाच्या बैठकीत आमचा सर्वांत जास्त वेळ एका नावावर गेला. आमच्या पनवेलच्या गटात दोन वर्षांपासून येणारी एक मुलगी आहे. वय बावीस, दवाखान्यात नोकरी, घरी आई आणि दोन भाऊ. तिला दहा मिनिटांचा एक प्रयोग करायचा होता : पुरुषाचा वेष, मिशी, चालणे, बोलणे, नाच. जगात याला ‘ड्रॅग किंग’ म्हणतात, हे तिनेच आम्हांला सांगितले. सगळ्या खूश. मग पत्रक लिहिणारीने विचारले, “नाव काय लावायचं तुझं?” आणि तिथे गाडी अडली.

कुणी म्हणाली, तिचेच नाव छापा, बाईने पुरुषाची भूमिका केली यात नवे काय? प्रश्न रास्त होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावकर मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा केवळ स्त्रियांच्या नाटक कंपन्या होत्या. तिथे नायकही बाईच व्हायची. १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलेल्या कमलाबाई गोखले रंगभूमीवर पुरुषभूमिकाही करत. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ आणले, त्यात नवरा, बाप सगळे बायकाच झाल्या. पण या सर्वजणी जाहिरातीत आपल्याच नावाने राहिल्या. नारायण राजहंस स्त्रीभूमिका करत, पण ‘बालगंधर्व’ हे त्यांचे नाव पुरुषाचेच. भूमिकेचे नाव नाटककार ठेवतो आणि पडदा पडला की ते संपते. ही मुलगी मागत होती ते वेगळे होते. तिला एक माणूस उभा करायचा होता, ज्याचे नाव ती स्वतः ठेवणार आणि जो पुढच्या कार्यक्रमालाही त्याच नावाने येणार.

आपल्यापैकी कितीजणींनी स्वतःचे नाव स्वतः ठेवले आहे? जन्मल्यावर आत्या कानात सांगते. लग्नात तांदळात अंगठीने दुसरे लिहितात. मधले नाव आधी बापाचे, मग नवऱ्याचे. शासनाने २०२४ साली आईचे नाव लावणे सक्तीचे केले, तेही ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी. नवऱ्याचे नाव तर उखाण्याशिवाय तोंडातून काढायचे नाही, असे आपल्या आया पाळत आल्या. अशा आपण एका खोलीत बसून पुरुषाचे नाव शोधायला लागलो, तेव्हा आधी नुसतेच हसू फुटले. (आमच्याकडे विमानतळाच्या नावासाठी २०२१ साली हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. नावात काय आहे, असे पनवेलमध्ये तरी कुणी विचारू नये.)

तिची पहिली यादी सिनेमातली : राज, विक्रम, रॉकी. गटातल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, “अगं, आपल्या गावात असा कोण आहे? आपल्याकडं बाळाराम, हसुराम, जोमा.” मग ती म्हणाली, ‘पाटील’ लावते, म्हणजे रुबाब येईल. इथे वाद पेटला. आडनाव उच्चारले की समोरचा प्रेक्षक आधी जात हुडकतो. ज्यांचा रुबाब आपण रोज सोसतो त्यांची टिंगल करायची, की त्यांचा रुबाब उसना घ्यायचा? दोन्ही एकाच नावाने होऊ शकते आणि लोक कशाला हसताहेत ते कळत नाही. माझे मत आडनावाविरुद्ध पडले, हे नोंदवून ठेवते. दुसऱ्या बाजूला म्हणणे होते की बिनआडनावाचा पुरुष खराच वाटणार नाही. तेही खोटे नाही.

एका जुन्या कार्यकर्तीचा आक्षेप जास्त खोल होता. “इतकी वर्षं आपण बाई म्हणून मान मागतोय आणि मोकळं व्हायला पुन्हा पुरुषाचंच नाव घ्यायचं?” मला याचे उत्तर तिथल्या तिथे सुचले नाही. नंतर न्यूयॉर्कच्या डायन टॉर यांच्याबद्दल वाचले. १९९०च्या सुमारापासून त्या बायकांची शिबिरे घेत. प्रत्येकीने पुरुषाचे नाव घ्यायचे, कपडे घालायचे, बसायचे कसे, जागा कशी अडवायची हे शिकायचे. त्यांनी स्वतः ‘डॅनी किंग’ हे नाव घेतले होते. पुरुषपण हे अंगात जन्मतः नसते, ते शिकून येते, हे त्या शिबिरात बायकांना स्वतःच्या खांद्यांतून आणि गुडघ्यांतून कळत असे. आपल्या शिबिरांत आपण हेच फळ्यावर लिहून सांगतो.

उलट उदाहरण मुंबईचे. शिल्पकार दुर्गा गावडे स्वतःला बाई किंवा पुरुष अशा एका खणात बसवत नाहीत. त्यांनी ड्रॅग किंग म्हणून नाव घेतले ‘शक्ती’. मिशीवाल्याचे नाव स्त्रीलिंगी! तेव्हा पुरुषाचेच नाव हवे, हाही नियम नाही.

इथे एक गल्लत टाळू या. जी व्यक्ती पुरुष म्हणून जगते, तिने घेतलेले नाव हे रंगमंचावरचे नाव नव्हे. ते तिचे नावच आहे, आणि तिला ‘खरं नाव काय?’ असे विचारणे हा अपमान आहे. आमच्या बैठकीतही कुणीतरी दोन्ही एकच समजले होते.

मराठीत तर नावावर भागत नाही, क्रियापद आडवे येते. तालमीत ती “मी आलो” म्हणताना अडखळायची. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या मैत्रिणी घरीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात आणि तिथे कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, हे सांगितल्यावर तिची जीभ सुटली.

आणि नावामागे भीतीही आहे. तिचे भाऊ पत्रक वाचतील. २००५ साली डान्सबारवर बंदी आली तेव्हा इथल्या बारमधल्या मुलींशी बोललेल्या कार्यकर्त्या सांगतात, बारमधले नाव वेगळे, गावाकडचे वेगळे. ते दुसरे नाव हौसेसाठी नव्हते, घर वाचवण्यासाठी होते. ज्या सभागृहात आम्ही गेलो तिथल्या व्यवस्थापकांनी सर्व कलावंतांची ‘खरी नावे’ अर्जात मागितली. आम्ही अर्जदार म्हणून संस्थेचे आणि माझे नाव दिले, कलावंतांची यादी दिली नाही. सभागृह हातचे गेले. कार्यक्रम आता एका शाळेच्या पटांगणात आहे.

शेवटी तिने ठरवले : ‘जोमा हौसाबाई’. जोमा, कारण त्यात जोम आहे, आणि गावात असे आजोबा खरोखर असतात. हौसाबाई ही तिची आजी. आडनाव नाही. आजी वारली आहे, म्हणून हे छापायला तिची हरकत नाही. तिचे स्वतःचे नाव आम्ही इथेही दिलेले नाही. आक्षेप घेणाऱ्या कार्यकर्तीने मत बदललेले नाही, पण मिशी चिकटवायचा डिंक तीच आणणार आहे.

तुमच्या गटात अशी नावे कुणी घेतली असतील, पूर्वी किंवा आता, तर ती कशी ठरली ते लिहून कळवा. पत्राखाली कोणते नाव लिहायचे ते तुम्ही ठरवा. आम्ही तेच छापू.