अँटेनाचे आराखडे कोणाच्या मालकीचे?

धातूच्या पट्टीची लांबी थोडी बदलली, खाच किंचित सरकवली, की अँटेनाचे वर्तन बदलते आणि मॅक्सवेलची समीकरणे संगणकाकडून पुन्हा सोडवून घ्यावी लागतात. आकार गुंतागुंतीचा असला तर एकेका फेरीस तासन् तास जातात. यंत्रशिक्षणाने यातून वाट काढली आहे. आधी सोडविलेल्या हजारो उदाहरणांवरून यंत्र आकार आणि गुणधर्म यांचा संबंध शिकते व नव्या आकाराचे उत्तर क्षणात अंदाजाने सांगते. निवडक आराखडे तेवढे पूर्ण गणिताने व प्रत्यक्ष मोजमापाने तपासावयाचे.

या प्रगतीचे स्वागतच केले पाहिजे. यंत्राला विरोध म्हणजे समाजवाद नव्हे. परंतु वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा होणार, हे विचारणे अर्थशास्त्राचे कामच आहे. ती हजारो उदाहरणे आकाशातून पडलेली नाहीत. त्यांतील कितीतरी विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थ्यांनी सार्वजनिक पैशावर रात्री जागून सोडविलेली असतात. ते साठविलेले श्रमच होत. उलट, समीकरणे सोडविणारी प्रमुख सॉफ्टवेअरे मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. त्यांपैकी अॅन्सिस ही कंपनी जुलै २०२५ मध्ये सिनॉप्सिसने सुमारे ३,५०० कोटी डॉलरला गिळंकृत केली. साधनाबरोबर उदाहरणांचा साठाही तेथेच गेला, तर आपल्याच श्रमाचे भाडे आपण भरत राहू.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यंत्र उत्तम आराखडा शोधते, पण ‘उत्तम’ कशाला म्हणावयाचे हे मालक ठरवितो. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पाहाव्यात. गोविंद स्वरूप यांनी तेथे जड पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली पोलादी तारांची जाळी वापरली. वाऱ्याचा भार घटला, खर्चही घटला. बर्फ न पडणाऱ्या गरीब देशाची गरज हाच त्या आराखड्याचा निकष होता! परक्या निकषांवर घडलेल्या यंत्राला तो कोण सांगणार?

म्हणून अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने अनुदानास एक अट जोडावी: सार्वजनिक पैशावर केलेली प्रत्येक गणना सर्वांना खुल्या असलेल्या भांडारात जमा झाली पाहिजे. फसलेले आराखडेदेखील. नियतकालिके ते सहसा छापीत नाहीत, पण यंत्र त्यांच्यापासूनही शिकते.