तोकडा पल्ला कोणाचा?

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसला की खानदेशातील माणसाला सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळची आठवण होते. सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे ते पठार, तेथील यशवंत तलाव आणि गोरक्षनाथाचे मंदिर पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी त्या जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात मोडतात. जिल्हा बदलला, तरी जळगाव-धुळेकरांचे तेथे जाणे थांबलेले नाही. गेल्या काही वर्षांत या प्रवाशांत विजेच्या छोट्या मोटारी घेतलेल्या कुटुंबांची भर पडली आहे. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, लहान दुकानदार अशी ही मंडळी आहेत. पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून त्यांनी ही गाडी घेतली, आणि शहरातल्या शहरात ती उत्तम चालतेही. परंतु तोरणमाळचा बेत ठरला की पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की गाडी वर पोहोचेल काय, आणि पोहोचली तर परत येईल काय?

हा प्रश्न गमतीचा नाही, आणि भित्रेपणाचाही नाही. त्याचे उत्तर साध्या अंकगणिताने देता येते. भारतीय बाजारात २०२२ साली आलेल्या टियागो या विजेच्या मोटारीचे उदाहरण घ्यावे. तिची बॅटरी दोन आकारांत आली: १९.२ युनिटांची आणि २४ युनिटांची. मोठ्या बॅटरीचा पल्ला ३१५ किलोमीटर असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. परंतु तो चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला आकडा. चार माणसे, सामान, बाहेर उन्हाचा वणवा आणि आत चालू असलेले वातानुकूलन अशा स्थितीत सपाट रस्त्यावर एका युनिटाला आठ किलोमीटर असा हिशेब धरणे शहाणपणाचे. धुळ्याहून शहादा शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तेथवर साडेबारा युनिटे गेली. शहाद्याहून तोरणमाळ सुमारे पंचावन्न किलोमीटर. सपाटीच्या हिशेबाने त्याला सात युनिटे लागतात. परंतु येथे सुमारे एक हजार मीटरची चढणही आहे. माणसांसह दीड टन वजन हजार मीटर उचलायचे तर निसर्गनियमानुसार चार युनिटे खर्ची पडतातच, आणि यंत्रातील घट धरून ती साडेचार-पाच होतात. शहाद्याला उरलेल्या अकरा-साडेअकरा युनिटांत हा बारा युनिटांचा रस्ता बसत नाही. सातपायरी घाटाच्या वळणांवर गाडी थांबण्याची वेळ यावी, असाच हा हिशेब आहे. जळगावहून निघणाऱ्याला तर धुळ्यापर्यंतचे नव्वद-एक किलोमीटर अधिक मोजायचे आहेत.

याच अंकगणिताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शहाद्याला मुक्काम करून बॅटरी पूर्ण भरून घेतली, तर २४ युनिटांपैकी बारा वर जाण्यास लागतील. उतारावर मोटार उलट जनित्राचे काम करते आणि दोन-अडीच युनिटे परत मिळवून देते. त्यामुळे पायथ्याशी येण्यास निव्वळ पाच युनिटे पुरतात. शहाद्यास परतताना सहा-सात युनिटे शिल्लक राहतात. १९.२ युनिटांच्या गाडीजवळ मात्र जेमतेम दोन युनिटे उरतील, आणि एवढ्या काठावर कोणी शहाणा माणूस मुलाबाळांना घेऊन घाटात शिरणार नाही. परंतु तोरणमाळला खात्रीची वीज असलेला, पंधरा अँपिअरचा तीन खिळ्यांचा एक साधा सॉकेट मिळाला, तर तासाला सुमारे तीन युनिटे भरतात. तलावावर फिरून, जेवण करून येईपर्यंत परतीची चिंता मिटते. म्हणजे तोरणमाळच्या प्रवासाचा निकाल मोटारीच्या किमतीवर अवलंबून नसून शहाद्यातील एका चार्जिंग केंद्रावर आणि तोरणमाळच्या एका सॉकेटवर अवलंबून आहे.

बैलगाडीच्या काळात घाट चढण्यापूर्वी पायथ्याशी बैल सोडत, त्यांना वैरण-पाणी देत आणि रात्र काढून पहाटे चढणीला लागत. बैलाचा पल्ला तोकडा होताच. त्यावर उपाय म्हणून कोणी दुप्पट मोठा बैल शोधत बसले नाही. टप्प्याटप्प्यावर विहिरी खोदल्या गेल्या, जनावरांसाठी हौद बांधले गेले, धर्मशाळा उभ्या राहिल्या. अहिल्यादेवी होळकरांचे नाव आजही रस्तोरस्ती घेतले जाते, ते या सार्वजनिक सोयींमुळेच. आज नेमके उलट घडत आहे. वाटेत सोय नाही म्हणून प्रत्येकाने आपापल्या गाडीत चाळीस, पन्नास, साठ युनिटांची बॅटरी बाळगावी, असे बाजार सांगतो. ज्याची ऐपत आहे तो ती घेतो. वर्षातून दोनदा लागणारे ते ओझे वर्षभर शहरातून वाहत हिंडतो. ज्याची ऐपत नाही त्याने घाटाकडे पाहू नये. सार्वजनिक उणीव खाजगी पैशाने भरून काढण्याची ही रीत पाण्याच्या टँकरपासून शिकवणीच्या वर्गांपर्यंत सर्वत्र परिचयाची झाली आहे. तिचा परिणामही ठरलेला आहे: ज्यांचा आवाज शासनापर्यंत पोहोचतो, त्यांची अडचण सुटते आणि उणीव तशीच राहते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहनांचे धोरण आखले. मात्र २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना पथकरातून पूर्ण माफी देण्यासाठी जे रस्ते निवडले, ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग हे आहेत. यांपैकी एकही खानदेशातून जात नाही. चार्जिंगचे लक्ष्यही प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्गांपुढे ठेवलेले आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे मार्ग धुळ्यात मिळतात, तेव्हा तेथे सोय होणारच. व्यापाराला ती हवीच आहे. प्रश्न महामार्ग सोडून सातपुड्याकडे वळणाऱ्या रस्त्याचा आहे. त्या रस्त्यावर दिवसाला चार गाड्या थांबतील, चारशे नव्हे. नफ्याच्या हिशेबाने तेथे कोणतीही कंपनी केंद्र उभारणार नाही. आणि उभारलेच, तरी मोबाइलवरील अॅपवाचून जे सुरू होत नाही, ते यंत्र डोंगरातील तुटक्या संपर्कात किती उपयोगी पडेल, हेही पाहावे लागेल.

विजेच्या मोटारीत जगात सर्वांत पुढे गेलेल्या नॉर्वेलाही बाजाराच्या भरवशावर राहता आले नाही. २०१५ पासून एनोव्हा या तेथील सरकारी संस्थेने मुख्य रस्त्यांवर सुमारे दर पन्नास किलोमीटरला जलद चार्जिंग व्हावे यासाठी अनुदान दिले. श्रीमंत देशाला जे सार्वजनिक पैशाने करावे लागले, ते अक्राणीत आपोआप घडेल अशी आशा धरणे भोळेपणाचे ठरेल.

वीज नाही, ही सबब खानदेशात तरी कोणी सांगू नये. भुसावळजवळच्या दीपनगरात कोळशावर वीज होते. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. त्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांच्या जमिनी गेल्या, ती गावे अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील. ज्या तालुक्याने विजेसाठी नदीकाठ दिला, त्याच तालुक्यातल्या पठारावर एका सॉकेटची खात्री देता येऊ नये, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. शेतकरी रात्रीच्या पाळीला विजेसाठी शेतात जागत आला आहे. आदिवासी पाड्यांवर दाब कमी पडून दिवे मिणमिणतात. अशा वेळी मोटारवाल्यांच्या सहलीसाठी सार्वजनिक पैसा का वेचावा? केवळ सहलीसाठी तो वेचायचा असेल, तर खरोखरच वेचू नये. परंतु गाडीच्या बॅटरीला जी खात्रीची आणि पुऱ्या दाबाची वीज लागते, तीच आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीला लागते, आश्रमशाळेला लागते आणि पिठाच्या गिरणीला लागते. पर्यटकासाठी वेगळी तार ओढण्याचा हा प्रश्न नाही. डोंगरावरची तार एकदा नीट करण्याचा आहे. ती नीट झाली की पर्यटकाला त्यातला थोडा भाग दाम मोजून खुशाल घेऊ द्यावा.

यासाठी नवे महामंडळ काढण्याची गरज नाही. राज्य परिवहनाची विजेवरची पहिली ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ साली याच तारखेला याच मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली होती. पुढे महामंडळाने ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. त्या बसना आगारांत उच्चदाबाची जोडणी द्यावी लागणारच आहे. धुळे, शिरपूर, दोंडाईचा, शहादा, अक्कलकुवा येथे आगारे आहेत, आणि ती नेमकी सातपुड्याच्या वाटेवर आहेत. बसची गरज भागवून उरलेल्या वेळी तीच जोडणी वाजवी दरात छोट्या मोटारींना, रिक्षांना आणि रुग्णवाहिकांना खुली करावी. दर फलकावर लिहिलेला असावा आणि पैसे रोखही घेतले जावेत. दिवसा, सौर वीज भरपूर असताना चार्जिंग करणाऱ्यास सवलत द्यावी, म्हणजे रात्री शेतीपंपांशी स्पर्धा होणार नाही. तोरणमाळच्या शासकीय विश्रामगृहापाशी आणि बस थांब्यापाशी दोन-चार सॉकेट बसविण्यास मोठी योजना लागत नाही.

प्रवाशानेही आपल्या वाट्याचा हिशेब चोख ठेवावा. पायथ्याशी मुक्काम, पहाटेची चढण, बेताचा वेग आणि हाताशी पाच युनिटांची शिल्लक हे नियम पाळले तर छोटी गाडी घाटाला भिणार नाही. परंतु नागरिकाने कितीही काटेकोर आखणी केली, तरी वाटेवर वीजच नसेल तर त्या आखणीला अर्थ उरत नाही. ‘रस्ता तेथे एस.टी.’ हे ब्रीद या राज्याने एकदा उच्चारले आणि दुर्गम खेड्यापर्यंत नेऊनही दाखविले. रस्ता तेथे वीज, हे त्याचे पुढचे पाऊल आहे. ते सातपुड्याच्या पायथ्याशी थांबू देता कामा नये.