अर्धवटरावांची जन्मपत्रिका

बाहुल्यांचा खेळ पाहून घरीं परतलेल्या मुलांत परवां एक वाद रंगला. विषय होता अर्धवटराव. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांस बोलतें केलें, आणि पुढें त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनीं घरोघरीं पोंचविलें. त्यांची रास कोणती, असें धाकट्यानें विचारलें. "मिथुन! क्षणांत विषय बदलतात, कोणाच्या बोलण्याला हार जात नाहींत. हा बुधाचाच प्रताप," असा निर्वाळा माजघरांतून मिळाला. "छे, कन्या! दुसऱ्याचें व्यंग इतकें नेमकें हेरणें मिथुनेचें काम नव्हे," असें काकांनीं बजावलें. आम्हीही मग वाणीच्या द्वितीयस्थानीं मंगळ बसवून मोकळे झालों.

पत्रिका उत्तम जुळली. अडचण एकच उरली: जन्मवेळ कोणती धरावी? बाहुल्यास नाकडोळे लाभले ती, कीं पहिला शब्द तोंडून निघाला ती? लग्न तर सुमारें दोन तासांनीं बदलतें. वेळ ठाऊक नसतांनाही आम्हां सर्वांचें जमलें, कारण स्वभाव आधीं ठाऊक होता. ग्रह मागाहून आणून बसविले. शिवाय तो स्वभाव तरी अर्धवटरावांचा कोठें? तो शेजारीं बसून, ओठ न हलवितां बोलणाऱ्या माणसाचा.

स्वभाव आधीं ठाऊक नसला म्हणजे काय होतें, हें आमच्या पुण्यांतच पाहिलें गेलें आहे. इ. स. २००८ मध्यें डॉ. जयंत नारळीकर यांनीं सहकाऱ्यांसह १०० हुशार व १०० बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांच्या पत्रिका घेतल्या आणि प्रत्येक ज्योतिषास त्यांतील ४० देऊन निवड करण्यास सांगितलें. उत्तरें पाठविणाऱ्या २७ जणांची सरासरी शेंकडा ४६ बरोबर अशी आली. नाणें उडवूनही शेंकडा ५० ची अपेक्षा धरतां येते.

अर्धवटरावांचें यांत कांहीं बिघडत नाहीं. त्यांस कोणत्याही राशीचे म्हणा, पुढल्या खेळांत ते तसेच बोलतील. मुलांचें तसें नाहीं. चंद्र एका राशींत सुमारें सव्वादोन दिवस राहतो. तेवढ्या अवधींत जन्मलेलीं सारीं बालकें एकाच राशीचीं. तरीही "हा कर्केचा, रडकाच निघायचा", "हिचा शनि बिघडलेला, ही हट्टीच", असें आपण पोरांदेखत सहज बोलून जातों. चार वडील माणसें वर्षानुवर्षें तेंच म्हणूं लागलीं, म्हणजे मूलही स्वतःविषयीं तेंच बोलूं लागतें. आवाज आपला, तोंड त्याचें. पत्रिका खुशाल कपाटांत असावी. मुलाविषयीं बोलतांना मात्र तें आज काय करितें, काय विचारतें, हें पाहून बोलावें.

निजतांना धाकट्यानें स्वतःची रास विचारलीच. आम्हीं त्यास जन्मतारीख सांगितली, पहांटेची वेळ सांगितली, बाहेर लागलेला पाऊस सांगितला. रास मात्र सांगितली नाहीं. ती सांगावयास घरांत पुष्कळ माणसें आहेत.